तासाला ऐंशी रुपये

मुलुंड पूर्वेला, नवघर रोडवरून आत गेलेल्या एका गल्लीत, झेरॉक्सवाला आणि दूध डेअरी यांच्या मधला गाळा. मे २०२५ मधला शनिवार, दुपारचे तीन. सकाळी वळवाची एक सर पडून गेली आहे आणि आता रस्त्याची वाफ अंगावर येते. गाळ्याच्या काचेच्या दाराला काळी फिल्म आहे, तिच्यावर छापील कागद: 'पीएस-५ तासाला १२०. पीएस-४ तासाला ८०. अर्धा तासही मिळेल.' खाली कोणीतरी पेनानं वाढवलं आहे, 'उधारी बंद.' पायरीवर लहानमोठ्या चपलांचा खच आहे. दार ढकललं की एसीचा गारवा आणि पोरांचा गलका एकदमच भेटतात.

आत भिंतीला पाच टीव्ही. डावीकडच्या तिघांखाली प्लेस्टेशन-४, म्हणजे पीएस-४, उजवीकडच्या दोघांखाली पीएस-५. समोर रेक्झिनचे बुटके सोफे, दोघांच्या जागेत चौघे बसलेले. दाराशी काउंटर आणि काउंटरमागे दुरुस्तीचं टेबल: सोल्डरिंग गन, हॉट एअर, भिंग, ब्रश, पोट उघडून ठेवलेले दोन कन्सोल. इथे तासावर खेळता येतं, जुनं मशीन विकता येतं, वापरलेलं घेता येतं आणि बिघडलेलं दुरुस्त करून मिळतं. चाळिशीचा दुकानदार ही चारही कामं एकटा सांभाळतो. लहानथोर सगळे त्याला 'दादा' म्हणतात.

मी काउंटरलगतच्या स्टुलावर बसलो आहे. नवा कन्सोल आखताना कंपन्यांनी आधी ताकद बघावी की आधी किंमत, हा वाद प्रत्येक नव्या मशीनबरोबर नव्यानं पेटतो. मला तो इथे बसून समजून घ्यायचा आहे, कारण उपनगरातल्या कितीतरी मुलांची कन्सोलशी पहिली गाठ अशाच गाळ्यात पडते.

तिन्ही पीएस-४ भरलेले आहेत. दोन पीएस-५ पैकी एक रिकामा आहे. चाळीस रुपयांचा फरक आहे आणि शनिवारच्या दुपारी तो फरक सोफ्यांवर स्पष्ट दिसतो.

पहिल्या टीव्हीवर फुटबॉलचा एफसी २५ चालू आहे, दुसऱ्यावर क्रिकेट २४, तिसऱ्यावर जीटीए फाइव्ह. हे तिन्ही गेम पीएस-४ वर चालतात. जीटीए फाइव्ह तर १७ सप्टेंबर २०१३ ला बाजारात आला तोच पीएस-३ आणि एक्सबॉक्स ३६० साठी. पीएस-३ मध्ये मेमरी होती सगळी मिळून ५१२ एमबी. आज हातातल्या साध्या फोनमध्येही तिच्या कितीतरी पट असते. आत्ता तो गेम खेळणारी तिन्ही मुलं तेव्हा शाळेतही जात नव्हती. तरी त्यांच्या दृष्टीनं तो जुना नाही. ते त्या शहरात गाडी पळवतात, खांबावर आपटतात, ओरडतात, रिमोट एकमेकांकडे फेकतात. कंट्रोलरला इथे रिमोटच म्हणतात आणि डिस्कला सीडी.

"ऐकलंस का, जीटीए सिक्स पुढे गेला."

"किती?"

"पुढच्या वर्षी. २६ मे."

"मग सुट्टीतच की!"

"पण पीएस-फोरवर नाही येणार तो. फक्त फाइव्हवर."

यावर तिघंही काउंटरकडे वळतात. "दादा, तोपर्यंत अजून एक फाइव्ह घ्या ना."

"घेतो. तासाला दीडशे देणार?"

"नाही!" तिघं एका सुरात.

दादा हसतो, पण नंतर माझ्याकडे वळून खालच्या आवाजात हिशेब मांडतो. नवा पीएस-५ घेतला तर तासाला एकशेवीसनं पैसे वसूल व्हायला साडेचारशेहून जास्त तास लागतात, त्यात वीज, भाडं, रिमोटची दुरुस्ती धरलेली नाही. दर वाढवला तर पोरं येत नाहीत. ताकद वाढते तसा दर वाढतो आणि एका मर्यादेनंतर सोफा रिकामा राहतो.

पीएस-४ च्या बाजूला एक मुलगा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतोय. गेम लोड होतोय. काळ्या पडद्यावर चित्रं बदलतात, पण खेळ सुरू होत नाही. "दादा, लोडिंगचा टाइम धरू नका हां." दादा मान हलवतो आणि वहीत त्याच्या नावापुढे दोन मिनिटं वाढवतो. इथे मला ताकदीची बाजू पहिल्यांदा अगदी जवळून दिसते. पीएस-४ मध्ये फिरती हार्ड डिस्क आहे, ती सेकंदाला शंभर एमबीच्या आसपास वाचते. पीएस-५ मधली एसएसडी सेकंदाला साडेपाच जीबी वाचते, म्हणजे पन्नास पटींहून जास्त वेगानं. उजवीकडच्या टीव्हीवर गेम निवडला की काही सेकंदांत मैदान समोर येतं. घरात हा फरक सोयीचा असेल. जो तासावर पैसे मोजतो त्याच्यासाठी तो रोख रकमेचा आहे. ताकद म्हणजे फक्त झाडाच्या पानावरची चकाकी, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं अर्ध्या तासाचे चाळीस रुपये मुठीत धरून आलेल्या या मुलाकडे बघावं.

दादा टेबलाकडे वळतो. त्याच्यापुढे एक पीएस-४ उघडा पडला आहे. पंख्याच्या पात्यांवर धुळीचा जाड थर, मधे कुणाच्या तरी मांजराचे केस. "हा चालू केला की मिक्सरसारखा आवाज करत होता," तो सांगतो. ब्रशनं धूळ काढतो, चिपवरची वाळून भुगा झालेली थर्मल पेस्ट पुसतो, नवी लावतो. शेजारच्या पीएस-५ चं एचडीएमआय पोर्ट बदलायचं आहे. केबल लावलेली असतानाच कुणीतरी कन्सोल ओढला आणि आतल्या पिना वाकल्या. हे पोर्ट मुख्य बोर्डावर थेट सोल्डर केलेलं असतं. चार पैशांचा सुटा भाग, पण तो बदलायला हॉट एअर लागतं, भिंग लागतं, न थरथरणारा हात लागतो. हात चुकला तर पूर्ण बोर्ड जातो.

"हेच पोर्ट एका लहान वेगळ्या पट्टीवर बसवलं असतं," दादा म्हणतो, "तर शाळेतल्या पोरानंही घरी बदललं असतं."

मी हे लिहून घेतो. किंमत म्हटलं की आपण खोक्यावरचा आकडा बघतो. तो आकडा वर्षभरानं पुन्हा द्यावा लागेल की नाही, हे असल्या बारीक निर्णयांवर ठरतं. विजेचंही तसंच. पीएस-५ मोठा गेम चालवताना साधारण दोनशे वॅट ओढतो. दोन कन्सोलचे चारशे, आणि ती सगळी उष्णता याच बंद खोलीत उतरते, मग ती बाहेर काढायला एसी आणखी वीज ओढतो. ताकदीचं बिल दर महिन्याला येत राहतं.

चारच्या सुमारास केळकर कॉलेजचा एक विद्यार्थी येतो. आयटीला आहे, घरी अनरिअल इंजिन शिकतो, स्वतःचा छोटा गेम बनवतो आहे. रिमोटची डावी काडी आपोआप सरकते, ती बदलायला आला आहे. मी कशासाठी बसलोय ते कळल्यावर तो स्टूल ओढून जवळ बसतो. "काका, तुम्ही किमतीचं म्हणताय ते बरोबर आहे. पण गेम बनवणाऱ्याची बाजूही ऐका."

तो एक्सबॉक्सचं उदाहरण देतो. नोव्हेंबर २०२० मध्ये मायक्रोसॉफ्टनं दोन मशीन एकाच दिवशी आणली. सिरीज एक्स ४९,९९० रुपयांना, सिरीज एस ३४,९९० ला. दोन्हींवर सगळे गेम सारखेच चालले पाहिजेत, ही अट. पण मोठ्यात मेमरी १६ जीबी आणि छोट्यात १०. मग २०२३ मध्ये बाल्डर्स गेट थ्री आला. त्यात एका टीव्हीवर पडदा दुभागून दोघांना खेळता येतं. छोट्या मशीनच्या मेमरीत ते मावेना. त्यापायी एक्सबॉक्सवरचा गेमच लांबला आणि डिसेंबर २०२३ मध्ये आला तेव्हा सिरीज एसवर ती सोय वगळावी लागली. "एका स्वस्त मशीननं सगळ्यांना मागे ओढलं. आम्ही काहीही डिझाइन करायला बसलो की सगळ्यात कमजोर मशीन आधी बघावं लागतं."

"आणि गेल्या महिन्यात?" मी विचारतो.

त्याला ठाऊक आहे. "आली ती सोय. पॅच एटमध्ये. सिरीज एसवरही."

"म्हणजे जागा सापडली."

"सापडली. पण सोळा महिने लागले, काका. त्या टीमनं त्या वेळात दुसरं काहीतरी केलं असतं."

तो बोलतो ते मनापासून बोलतो आणि त्याचं म्हणणं मोडून काढायची मला घाई नाही. मशीन आखताना मेमरीत काटकसर केली तर तिचा भार हजारो प्रोग्रॅमरांवर पडतो, हे खरं आहे. स्वस्त करायचं तर कुठे कापायचं, हा कौशल्याचा प्रश्न आहे. चित्राची बारीकी कमी केली तर खेळ तोच राहतो. मेमरी किंवा साठवणीचा वेग कापला तर खेळच बदलतो. पण त्या गोष्टीत आणखी काहीतरी आहे, ते मला सोफ्यांकडे बघताना जाणवतं. जी सोय वगळली ती दोघांनी शेजारी बसून खेळायची होती. एकच मशीन, एकच टीव्ही, दोन भावंडं. ज्या घरानं स्वस्त मशीन घेतलं त्याच घराला तिची सगळ्यात जास्त गरज होती.

दार उघडतं. साधारण बारा वर्षांचा मुलगा आणि त्याचे बाबा. बाबांच्या खांद्यावर ऑफिसची सॅक, शनिवारचा अर्धा दिवस करून आलेले. मुलगा सरळ काचेच्या कपाटाशी जातो. आत पीएस-५ चं पांढरं खोकं उभं आहे.

"हा," तो म्हणतो.

"कितीला?" बाबा विचारतात.

"डिस्कवाला ५४,९९०, साहेब. बिनडिस्कचा, डिजिटल, ४४,९९०."

"मग बिनडिस्कचा बघू. दहा हजार वाचतात."

दादा खोकं काढत नाही. तो काउंटरवर दोन्ही हात टेकतो. "वाचतात ते आज. पण यात सीडी जाणार नाही. कंपनीचा मोठा गेम चार हजार नऊशे नव्याण्णवला असतो. डिजिटल घेतला तर तो तुमच्या खात्यात अडकला, विकता येत नाही. डिस्कवाला असेल तर तोच गेम वापरलेला माझ्याकडून निम्म्यात न्या, संपला की परत आणा, वर थोडे टाकून दुसरा न्या. पाच-सहा गेममध्ये दहा हजार भरून निघतात."

बाबा फोनवर बेरीज करतात. डिस्कवालं मशीन, भावंडासाठी दुसरा रिमोट सहा हजारांचा, दोन नवे गेम. आकडा सत्तर हजारांच्या पुढे जातो. ते फोन मुलाला दाखवतात. मुलगा आकडा वाचतो आणि पुन्हा खोक्याकडे बघतो.

"घरचा टीव्ही कुठला?" दादा विचारतो.

"बत्तीस इंची. साधा एचडी."

"मग फोर-के त्यात दिसणार कुठे, साहेब? मशीन चित्र फोर-केचं बनवेल, टीव्ही ते दाखवू शकणार नाही."

"माझा मेहुणा न्यू जर्सीत असतो," बाबा म्हणतात. "तिथे पाचशे डॉलरला आहे म्हणाला. साडेबेचाळीस हजार झाले. इथे बारा हजार जास्त कसे?"

उत्तर करांत आहे आणि ते दादाला पाठ आहे. २०१८ च्या अर्थसंकल्पात व्हिडिओ गेम कन्सोलवरचं आयात शुल्क १० टक्क्यांवरून २० वर गेलं. त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार. वर जीएसटी, तो पूर्वी २८ टक्के होता, जानेवारी २०१९ पासून १८ झाला. शंभर रुपयांचं मशीन बंदरात उतरलं की शुल्क आणि अधिभार मिळून एकशेबावीस होतं, त्यावर जीएसटी लागून एकशेचव्वेचाळीसच्या घरात जातं. विक्रेत्याचा नफा त्यापुढे. कंपनीनं मशीन कितीही काटकसरीनं आखलं तरी सरकारच्या खात्यात कन्सोल ही चैनच राहते. मला हे पटत नाही. ज्या देशात गेम बनवणारे निर्माण व्हावेत असं आपण म्हणतो, तिथे गेम चालवायचं यंत्र मुलांच्या हाती सहज यायला हवं.

"थोडं थांबलो तर उतरेल ना भाव?" बाबा विचारतात. "टीव्ही, फोन, सगळ्याचे उतरतात."

दादा लगेच उत्तर देत नाही. मागच्या ड्रॉवरमधून तो एक काळा पीएस-२ काढून काउंटरवर ठेवतो. विकायचा नाही, ठेवणीतला आहे. "हा उतरायचा," तो म्हणतो.

या काळ्या पेटीची चाल मला माहीत आहे. २००० साली अमेरिकेत ती २९९ डॉलरला आली. दोन वर्षांत १९९, मग १४९, मग १२९, आणि २००९ मध्ये ९९. चिप दर काही वर्षांनी लहान होत गेली, सिलिकॉनच्या एका चकतीतून जास्त चिप निघू लागल्या, मशीन स्वस्त पडत गेलं. जगभरात १५ कोटी ५० लाखांहून जास्त पीएस-२ गेले. आजवर कुठलाही कन्सोल त्याच्या पुढे गेलेला नाही. आपल्याकडे तो खऱ्या अर्थानं पसरला तो शेवटच्या वर्षांत. आणि तो पसरला म्हणून २००९ मध्ये, मशीन नऊ वर्षांचं झाल्यावर, हैदराबादच्या ऑरोना टेक्नॉलॉजीजनं त्याच्यासाठी 'हनुमान: बॉय वॉरियर' केला, भारतात तयार झालेला पहिला पीएस-२ गेम. पुढच्या वर्षी मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' आला. गल्लीतलं क्रिकेट कन्सोलवर आलं ते तेव्हाच्या ताकदवान पीएस-३ मुळे नव्हे, तर ज्या मशीनची किंमत गल्लीपर्यंत पोचली होती त्या पीएस-२ मुळे.

पीएस-५ चं उलटं झालं आहे. २ फेब्रुवारी २०२१ ला तो इथे ४९,९९० ला आला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ५४,९९० झाला. चार वर्षांनी तो पहिल्या दिवसापेक्षा महाग आहे. याच महिन्यात अमेरिकेत सिरीज एस ३०० डॉलरवरून ३८० वर गेला, सिरीज एक्स ५०० वरून ६०० वर. गेल्या नोव्हेंबरात आलेला पीएस-५ प्रो ७०० डॉलरचा आहे, आणि तो भारतात अधिकृतपणे आलेलाही नाही. त्यातल्या नव्या वाय-फायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे अजून मोकळा झालेला नाही. पुढच्या आठवड्यापलीकडे, ५ जूनला, येणारा निन्टेन्डोचा स्विच-२ सुद्धा ४५० डॉलरचा; पहिला स्विच २०१७ मध्ये ३०० चा होता. आता चिप लहान केली तरी ती स्वस्त पडत नाही, कारण नव्या प्रक्रियेवर चिप बनवणंच महाग झालं आहे. त्यात आयात शुल्कांची ओढाताण.

इथे बसून मला या वादातली खरी मेख दिसते. पूर्वी ताकद आधी आणि स्वस्ताई मागून, हा क्रम चालून जायचा. श्रीमंत घरानं पहिल्या वर्षी घेतलेलं मशीन सात-आठ वर्षांनी भांडुपच्या चाळीत पोचायचं, आणि कंपनीला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नसे; काळच ते काम करायचा. आता काळ ते काम करत नाही. म्हणून जे मशीन पहिल्या दिवशी परवडत नाही ते नंतरही परवडणार नाही, आणि किंमत आता कागदावर मशीन आखतानाच ठरवावी लागेल.

"आमच्या वेळी कॅसेट असायची," पीएस-२ हातात फिरवत बाबा म्हणतात. ते भांडुपलाच वाढले आहेत. "स्वतःचा व्हिडिओ गेम कुणाकडे नव्हता. दिवसाच्या भाड्यानं आणायचो. चार घरांनी पैसे काढायचे आणि रात्रभर कॉन्ट्रा."

मुलगा अविश्वासानं त्यांच्याकडे बघतो. "रात्रभर? आजी ओरडायची नाही?"

"आजी मारिओ खेळायची."

ती पेटी निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. मूळ फॅमिकॉम जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. आपल्या टीव्हीला ती नक्कल जोडली गेली तेव्हा जपानमध्ये दोन पिढ्या पुढची मशीन विकली जात होती. एका पिढीनं दहा-बारा वर्षं जुन्या तंत्रावर खेळायला शिकून घेतलं आणि तिला काही कमी पडलं नाही. निन्टेन्डोमधल्या गुनपेई योकोई या अभियंत्यानं तर यालाच आपली रीत बनवलं होतं. तो कंपनीत लागला होता कारखान्यातल्या यंत्रांची देखभाल करायला. जुनं होऊन स्वस्त झालेलं, पुरतं ओळखीचं तंत्र घ्यायचं आणि त्याचा नवा उपयोग शोधायचा, असं तो म्हणे. १९८९ चा त्याचा गेमबॉय चार छटांचा, रंगाशिवायचा होता. पुढच्या वर्षी सेगाचा रंगीत गेम गिअर आला, पण त्याला सहा सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत संपायचे. गेमबॉय चार सेलवर त्याच्या कितीतरी पट चालायचा, किंमतही कमी. लोकांनी गेमबॉय निवडला. २००६ मध्ये हेच पुन्हा घडलं. सोनीचा पीएस-३ सहाशे डॉलरपर्यंतचा, आयबीएम आणि तोशिबासोबत बनवलेल्या सेल प्रोसेसरचा. निन्टेन्डोचा वी अडीचशेचा आणि ताकदीत कितीतरी कमी. शेवटी वी दहा कोटींच्या वर गेला, पीएस-३ पावणेनऊ कोटींच्या आसपास थांबला.

मी हे सांगतोय आणि कॉलेजचा विद्यार्थी ऐकतोय. "पण पुण्याचा 'राजी' सांगा ना," तो म्हणतो, आणि या वेळी तो माझ्या बाजूनं बोलतोय हे त्याच्या लक्षात यायच्या आधी माझ्या लक्षात येतं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं केलेला 'राजी' ऑगस्ट २०२० मध्ये सगळ्यात आधी आला तो स्विचवर, त्या पिढीतल्या सगळ्यात कमी ताकदीच्या मशीनवर. राजस्थानी किल्ले, जत्रा, देवळं, आणि भावाला शोधायला निघालेली मुलगी. ते चित्र बघताना कोणाला ताकद मोजायचे टेराफ्लॉप्स आठवत नाहीत.

"मग तुझा गेम कशावर काढणार?" मी विचारतो.

तो थोडा विचार करतो. "इथल्या पोरांकडे जे असेल त्याच्यावर," तो म्हणतो. "नाहीतर खेळणार कोण?"

काउंटरवर आता वापरलेला पीएस-४ स्लिम आला आहे. दोन रिमोटसकट सोळा हजार, तीन महिन्यांची दादाची हमी. वापरलेल्या सीडी आठशे-हजारला. बाबा विचारतात, "किती वर्षं चालेल?"

"मशीन चालेल. नवे गेम यायचे मात्र दोन-तीन वर्षांत बंद होतील. जीटीए सिक्स यावर येणार नाही, हे आत्ताच सांगतो. नंतर मला म्हणू नका."

"आणि वापरलेला फाइव्ह?"

"अडतीस हजार. तोही उतरत नाही, कारण नवा उतरत नाही."

हे वाक्य मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं. नव्याचा भाव चढा राहिला की जुन्याचाही राहतो, आणि उपनगर ज्या पायरीवर उभं राहून वर चढायचं ती पायरीच वर सरकते. आज या मुलासाठी पीएस-४ आहे. तीन-चार वर्षांनी याच काउंटरशी येणाऱ्या दुसऱ्या मुलासाठी सोळा हजारांत काय असेल?

मुलगा बाबांची बाही ओढतो. "सिक्स मी इथे येऊन खेळेन. तासावर." मग दादाला विचारतो, "यात क्रिकेट येतं ना? दोघांचं?" येतं म्हटल्यावर तो खोकं स्वतः उचलतो. बाबा यूपीआयनं पैसे भरतात. शाळा पंधरा दिवसांवर आली आहे, वह्या-पुस्तकं आणि पावसाळी बूट अजून घ्यायचे आहेत, आणि तरी हा खर्च त्यांना झेपला, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. दादा डिस्क घालून, दोन्ही रिमोट जोडून, एक ओव्हर खेळवूनच मशीन देतो.

कंपन्यांच्या कार्यालयांत पुढच्या पिढीच्या मशीनवर काम सुरू आहे. ते करणाऱ्यांकडे माझं मागणं साधं आहे. साठवण वेगवान ठेवा, मेमरीत हात आखडू नका, कारण त्यावर खेळ आणि तो बनवणारे दोघेही अवलंबून आहेत. चित्राच्या शेवटच्या बारीकीसाठी मात्र सामान्य घराचे वीस हजार घेऊ नका. ती बारीकी या घरांतल्या टीव्हीवर उमटतच नाही. डिस्कची फट ठेवा, म्हणजे एक गेम दहा घरं फिरेल. पोर्ट असं बसवा की गल्लीतला कारागीर ते बिनधास्त बदलेल. आणि किंमत पहिल्याच दिवशी अशी ठेवा की पगारावर जगणाऱ्या बापाला ती दुकानात उभं राहून, मुलासमोर, मोठ्यानं विचारता येईल. ज्यांना याहून जास्त ताकद हवी त्यांच्यासाठी महाग मशीन जरूर काढा, पण ते दुसरं असू द्या. पहिलं मशीन या मुलांचं असलं पाहिजे, कारण उद्याचे खेळणारे, आणि काउंटरशी बसलेल्या या विद्यार्थ्यासारखे उद्याचे गेम बनवणारे, यांच्यातूनच येणार आहेत.